गाठ सापडली, पुढे कोणाकडे जायचे?

स्तनातली कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच दाखवायची राहते. शिरूरकडे कांद्याची काढणी, दौंडकडे उसाची तोड, मग घरातले लग्न. ‘एवढं उरकलं की बघू’ म्हणता म्हणता सहा महिने जातात. शेवटी ती बाई तालुक्याच्या डॉक्टरांकडे जाते आणि तिच्या हातात चिठ्ठी पडते : पुण्याला दाखवा.

पुण्याला म्हणजे कुठे? मॅमोग्राफी, सोनोग्राफी, मग सुईने तुकडा काढून बायोप्सी, त्या तुकड्यावर ‘ईआर’, ‘पीआर’ आणि ‘हर-टू’ या चाचण्या, गरज असेल तर स्कॅन. शस्त्रक्रिया आधी की केमोथेरपी आधी, हे या अहवालांवर ठरते. सगळे एकाच ठिकाणी होईल असे नाही. दौंडहून पुणे रेल्वेने सुमारे 75 किलोमीटर, शिरूरहून नगर रस्त्याने थोडे कमी. केमोची फेरी बहुधा तीन आठवड्यांनी येते, पण किरणोपचार आठवड्यातले पाच दिवस, तीन ते पाच आठवडे चालतात. बाईची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. त्यात दोन-तीन केमोनंतर गाठ लहान झाली की आता बरे वाटते, असे घरातही म्हणू लागतात. उपचार सुटण्याची भीती इथे सर्वांत जास्त.

हीच अडचण न्यूयॉर्कमधल्या हार्लेम हॉस्पिटलचे सर्जन डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांना दिसली होती. हार्लेम ही तेव्हा प्रामुख्याने गरीब कृष्णवर्णीयांची वस्ती. तिथे 1964 ते 1986 या काळात उपचार घेतलेल्या स्तन कर्करोगाच्या 606 रुग्णांपैकी जवळपास निम्म्या तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात आल्या होत्या. पाच वर्षे जगल्या त्या 39 टक्के. फ्रीमन यांनी मोफत तपासणी सुरू केली. पण तपासणीत गाठ सापडलेली बाई पुढच्या उपचारापर्यंत पोहोचेलच याची खात्री नव्हती. म्हणून 1990 मध्ये त्यांनी ‘पेशंट नेव्हिगेटर’ नेमले. हे डॉक्टर नव्हते. तारीख घेणे, कागद जमवणे, विम्याचा प्रश्न सोडवणे, भीती वाटणाऱ्या बाईशी बोलत राहणे, हे त्यांचे काम. 1995 ते 2000 मधल्या रुग्णांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण 70 टक्क्यांवर गेले. सगळे श्रेय नेव्हिगेटरला देता येत नाही, लवकर तपासणीचा वाटा मोठा आहेच. पण नुसत्या तपासणीवर भागले नाही, हेही खरे.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने ‘केवट’ नावाने असे मदतनीस तयार करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला आहे. रामाला नदीपार नेणाऱ्या नावाड्याचे ते नाव. याच रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित महिला आरोग्य कर्मचाऱ्यांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. त्याहून लहान वयात मात्र तसा फायदा दिसला नाही. हा निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे महागडे यंत्र नसले तरी काम सुरू करता येते.

आता आपल्या दोन तालुक्यांचे पाहू. गावात आशाताई आहेत. तिशीपुढच्या माणसांची माहिती भरून त्यांना तपासणीसाठी उपकेंद्रात पाठवण्याचे काम त्यांच्याकडेच आहे. दुसऱ्या टोकाला, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ बसतात, ते योजनेची नोंदणी करून देतात. म्हणजे गावात एक माणूस आहे, रुग्णालयाच्या खिडकीशी एक आहे. मधल्या 70 किलोमीटरला कोणी नाही. बायोप्सीचा अहवाल आणायचा राहिला, दुसऱ्या केमोला बाई आलीच नाही, हे कोणाच्या वहीत लिहिले जाते? आशाताईंवर आणखी एक काम टाकावे, असे मुळीच म्हणायचे नाही, त्यांच्याकडे आधीच रजिस्टरांचा ढीग आहे. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात पगारी, फोन हातात असलेली एक व्यक्ती हवी. ती स्थानिक आणि शक्यतो बाई असावी. ऑक्टोबरात गुलाबी फिती लावून होणाऱ्या शिबिरांच्या खर्चापेक्षा हा खर्च अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

तोवर हे काम घरातल्या एकाने अंगावर घ्यावे. मुलगी, सून, भाऊ, कोणीही. गाठ, त्वचेला खळगा, बोंड आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्त येणे, यांपैकी काही दिसले तर काढणीची वाट पाहू नये. सगळे कागद तारखेप्रमाणे एकाच फाइलमध्ये लावावेत. बायोप्सीचा अहवाल कधी, कुठे आणि कोणी घ्यायचा हे निघतानाच विचारावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवावे. योजनेत कोणते रुग्णालय आहे हे 155388 या क्रमांकावर विचारता येते. एसटीत स्त्रियांना अर्धे तिकीट आहेच. रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात मोठी सवलत मिळते; त्यासाठी उपचार करणाऱ्या रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. तो पहिल्याच भेटीत मागून घ्यावा.