सांडलेला रंग

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात दोन गोष्टींना ऊत येतो. एक चकलीच्या भाजणीच्या वासाला आणि दुसरा माझ्या हौसेला. यंदा दारे-खिडक्यांना ऑइलपेंट देऊन रंगारी गेला आणि मागे अर्धा डबा निळा रंग उरला. त्या अर्ध्या डब्याने माझी जी फजिती केली, तीच आज सांगणार आहे.

परंतु त्याआधी एक कबुली द्यायला हवी. आमची थोरली कन्या चित्रकलेच्या शाळेत शिकते. गणपतीत तिने एक भलामोठा कॅनव्हास घरी आणला. त्यावर ना माणूस, ना झाड. नुसते रंगाचे ओघळ आणि शिंतोडे. नेमके त्याच वेळी पाहुणे बसलेले. "हे काय काढलंय?" त्यांनी विचारले. मी ऐटीत म्हणालो, "काढलं नाही हो, सांडलंय! दोन वर्षांच्या फीमध्ये एवढंच शिकली!" सगळे हसले. कन्याही हसली. पण तो कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून कपाटामागे गेला, आणि त्यानंतर तिने मला एकही चित्र दाखवले नाही.

तेव्हा हा उरलेला डबा पाहून मनात आले की, आपले म्हणणे निदान सिद्ध तरी करावे! तयारी म्हणून मी जॅक्सन पोलॉकविषयी वाचून काढले. कारण ही सांडासांड जगभर गाजवली ती त्याने. हा अमेरिकन चित्रकार 1912 साली वायोमिंगमधल्या कोडी गावी जन्मला. 1936 साली न्यूयॉर्कमध्ये सिकेरोस या मेक्सिकन चित्रकाराच्या कार्यशाळेत त्याने रंग ओतण्या-उडवण्याचे प्रयोग पाहिले. 1945 साली पत्नी ली क्रॅस्नर (तीही चित्रकारच) हिच्यासह तो लाँग आयलंडवर राहायला गेला. तिथल्या लाकडी कोठारात 1947 पासून तो कॅनव्हास जमिनीवर अंथरून, चहूबाजूंनी फिरत, काडीने किंवा वाळून कडक झालेल्या कुंचल्याने रंग ठिबकवू लागला. रंगही पुष्कळदा घरांना देतात तोच साधा एनॅमल! 1950 सालचे त्याचे 'ऑटम ऱ्हिदम' हे चित्र सतरा फुटांहून लांब आहे आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. 1956 साली, वयाच्या अवघ्या 44 व्या वर्षी, मोटार अपघातात तो गेला. पुढे 1973 साली त्याचे 'ब्लू पोल्स' ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संग्रहासाठी 13 लाख डॉलर देऊन घेतले, तेव्हा त्या देशात केवढा गदारोळ उठला! म्हणजे माझ्यासारखे हसणारे तिथेही होतेच. मला धीर आला.

एका रविवारी सौ. आणि कन्या बाजारात गेल्या. मी गच्चीवर जुनी चादर अंथरली, झाडूची काडी डब्यात बुडवली आणि हात उचलला.

पहिला पडला तो गोळा. मग धार लागली. पण रेघ म्हणून सरळ पडेल तर शपथ! वेटोळ्यावर वेटोळे पडत अगदी चकली तयार झाली. हात जोरात फिरवला, तर शिंतोडे कठड्यावर आणि माझ्या लेंग्यावर. रंग दाट आहे असे वाटून टर्पेंटाइन ओतले, तर चादरीवर नुसते थारोळे. तासाभराने पाहतो तो कन्या जिन्याच्या तोंडाशी उभी.

ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, टर्पेंटाइन जास्त झालं. आणि नुसतं मनगट नको, खांद्यापासून हात हलवा. दाट रंग सावकाश सोडला की वेटोळी पडायचीच." पोलॉक हात किती वेगाने आणि किती उंचीवरून फिरवी, याचा 2019 साली शास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता, हेही तिनेच सांगितले. ही वेटोळी पडू नयेत असाच त्याचा हात चाले म्हणे. तिने डब्यातला खालचा दाट रंग ढवळला, काडी घेतली आणि चादरीच्या कोपऱ्यावरून हात फिरवला. एक लांब रेघ पडली. मध्ये बारीक, पुढे जाड, आणि जिथे थांबायची तिथे थांबली.

सौ. मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, "त्यात नवल काय? चिमटीतून रांगोळी सोडताना आपण बोट जमिनीला लावतो का?" मी चाटच पडलो. अमेरिकेच्या पश्चिम भागातले आदिवासी जमिनीवर वाळूची चित्रे काढतात, त्यांच्या रीतीशी आपली रीत जुळते, असे पोलॉकने स्वतःच 1947 साली लिहिले होते. मी ते वाचले होते. पण आमच्या उंबरठ्यासमोर रोज पडणारी रांगोळी काही मला आठवली नव्हती.

त्या संध्याकाळी मी कन्येला म्हणालो, "तो गणपतीतला कॅनव्हास काढ पाहू. नीट बघतो."

"तो नाही आता," ती म्हणाली. "त्यावर पांढरा हात देऊन दुसरं काढलं. कॅनव्हास महाग असतो, बाबा."

यावर काय बोलणार?

गच्चीवरची चादर मी टाकू दिलेली नाही. एका कोपऱ्यात तिची रेघ आहे, बाकी सगळी माझी चकली. पाडव्याला तेच पाहुणे फराळाला यायचे आहेत. "हे काय काढलंय?" असे त्यांनी विचारले, तर या वेळी उत्तर कन्येने द्यायचे. मी फक्त चकल्यांचे ताट पुढे करणार आहे.