जनसुनावणीला जाताना सातबारा बरोबर न्या

कोळशावरचे वीजकेंद्र येणार अशी वार्ता गावात आली, की पारावर दोनच गोष्टी निघतात : जमिनीला भाव काय आणि नोकऱ्या किती. ज्यांची जमीन जाणार, त्यांचे हे प्रश्न रास्तच आहेत. पण ज्यांचा मळा कुंपणाबाहेर राहणार, त्यांनी काय करावे?

डहाणूची हकीकत ऐका. चिकूच्या बागांसाठी नावाजलेल्या या तालुक्यात 500 मेगावॉटचे वीजकेंद्र ठरले. मंजुरी देताना धुरातला गंधकवायू काढून घेणारे यंत्र बसवण्याची अट घातली होती. गंधकाच्या धुराने पानावर शिरांच्या मधोमध करपल्यासारखे डाग पडतात, हे आपणांपैकी काहींनी वीटभट्टीजवळ पाहिले असेल. बागायतदार व इतर रहिवासी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1991 मध्ये न्यायालयाने केंद्राची मंजुरी रद्द केली नाही. 1995 मध्ये वीज सुरू झाली, यंत्र मात्र बसले नव्हते! पुढे न्यायालयाच्या आदेशावरून 1996 मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी खास प्राधिकरण नेमले गेले. 1999 मध्ये त्याने यंत्र बसवण्याचा आदेश दिला आणि 2007 मध्ये ते बसले. धूर निघाल्यापासून बारा वर्षे. तीही लोकांनी पाठ सोडली नाही म्हणून.

म्हणून जे सांगायचे, ते मंजुरीच्या आधी सांगावे. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे अशा मोठ्या केंद्राला दिल्लीहून पर्यावरण मंजुरी लागते आणि त्याआधी जनसुनावणी होते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते. जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतात. निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना येते. अहवाल जिल्हाधिकारी कचेरीत, जिल्हा परिषदेत पाहायला ठेवतात व त्याचा मराठी सारांशही असतो. तो वाचायला पोराला पाठवू नका, स्वतः जा.

अशा एका सुनावणीला मी होतो. लोक दुपारपर्यंत तावातावाने बोलले. घोषणा झाल्या, खुर्च्या सरकल्या. नंतर इतिवृत्त पाहिले तर साऱ्या गोंगाटाची एक ओळ : ‘ग्रामस्थांनी विरोध दर्शविला.’ एका म्हाताऱ्या बाईने मात्र आपल्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात किती हात खाली जाते, ते लेखी दिले होते. ते जसेच्या तसे नोंदले गेले, आणि त्याचे उत्तर कंपनीला द्यावे लागले.

तर अहवालात आपल्या शिवाराची नोंद आधी शोधा. बारमाही बागायत असताना ‘एकपीक’ लिहिले आहे काय? सातबाऱ्यावरील पिकांची नोंद ताडून पाहा. तलाठ्याकडे ती चुकलेली असेल तर आधी तीच दुरुस्त करून घ्या. (ही आपलीच हयगय, दुसऱ्याला बोल लावता येत नाही.) हवेची मोजणी बहुधा पावसाळा सोडून एकाच हंगामाची असते. तुमचा मोहोर कधी येतो आणि त्या दिवसांत वारा धुराड्याकडून वाहतो काय, हे लिहा. राख कोठे साठवणार, पावसात ती कोणत्या ओढ्याला लागणार, हे विचारा. विहिरीचे पाणी आत्ताच प्रयोगशाळेत तपासून पावती जपून ठेवा. पुढे बिघडले तर पूर्वी कसे होते, हे दाखवायला तोच कागद कामी येईल.

अर्ज दोन प्रतींत करा आणि एकीवर पोच घ्या. मंजुरी मिळालीच, तर तिच्यातील अटी मागून घेऊन वाचा. हरित न्यायाधिकरणाकडे अपिलाची मुदत तीस दिवसांची असते. महाराष्ट्रासाठी त्याचे पीठ पुण्याला आहे.