पिता आणि वाढता पुत्र

आईच्या वात्सल्याविषयी आपल्या भाषेत जितके बोलले आणि लिहिले गेले आहे, त्या मानाने पिता व पुत्र यांच्या नात्याचा विचार फार थोडा झाला आहे. हे नाते मुळातच अबोल असल्यामुळे तसे झाले असावे. मूल लहान असते तोवर त्यात गुंतागुंत नसते. बाप सांगतो आणि मूल ऐकते. बाप बाहेरून येतो आणि मूल धावत जाऊन त्याच्या पायांना मिठी मारते. परंतु तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलाचा आवाज फुटतो, ओठांवर मिसरूड दिसू लागते आणि काल ज्या आज्ञेला निमूट होकार मिळत होता, तिला आज ‘का?’ असा प्रश्न येतो. बापाला हा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो. बहुतेक घरांतील कुरबुरींचा आरंभ येथून होतो.

वस्तुतः या प्रश्नात अवज्ञेपेक्षा वाढीचा भाग अधिक असतो. या वयात शरीर झपाट्याने वाढते आणि भावनांना भरती येते; पण परिणामांचा विचार करून मनाला आवर घालण्याचे काम मेंदूच्या ज्या पुढील भागाकडे असते, तो भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत परिपक्व होत राहतो. म्हणजे घोडा आधी दौडू लागतो आणि लगाम मागाहून हाती येतो. या मधल्या काळात लगाम काही अंशी बापाच्या हाती असावा लागतो. तो फार ओढला तर घोडा बिथरतो आणि अगदी सोडून दिला तर भरकटतो. आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. पाच वर्षे लाड, पुढील दहा वर्षे धाक आणि सोळावे लागताच मित्रत्व, असा क्रम जुन्या नीतिवचनांत सांगितला आहे. त्यातील धाकाचा भाग आजच्या शिक्षणशास्त्राला मान्य होणार नाही. परंतु सोळाव्या वर्षी बापाने आपली जागा बदलावी, हे त्यातील मर्म खचितच टिकाऊ आहे.

बाप लोकविख्यात असला म्हणजे हा प्रश्न अधिकच बिकट होतो. नांदेड जिल्ह्यातील मुदखेडचे नाव अशाच एका पितापुत्रांच्या चरित्राशी जोडलेले आहे. शंकरराव चव्हाण यांचा जन्म १९२० साली पैठण येथे झाला. उस्मानिया विद्यापीठात त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले, हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतला आणि नांदेडच्या नगराध्यक्षपदापासून चढत चढत ते राज्याच्या मंत्रिमंडळात पोहोचले. जायकवाडीसारख्या पाटबंधाऱ्यांच्या कामांशी त्यांचे नाव निगडित आहे. त्यांच्या करड्या शिस्तीमुळे लोक त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. फेब्रुवारी १९७५ मध्ये ते प्रथम मुख्यमंत्री झाले. त्यांचे पुत्र अशोक यांचा जन्म ऑक्टोबर १९५८ मधला. म्हणजे त्या वेळी त्यांना सोळावे वर्ष पूर्ण होऊन जेमतेम चार महिने झाले होते. ज्या वयात पित्याने मित्र व्हावे असे वडीलधारे सांगतात, नेमक्या त्याच वयात या मुलाचा पिता साऱ्या राज्याचा कारभारी झाला.

पुढे १९८६ साली शंकरराव दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले आणि नांदेडची लोकसभेची जागा रिकामी झाली. १९८७ च्या पोटनिवडणुकीत त्याच जागेवर पुत्र निवडून आला. पण १९८९ साली तेथेच त्याला पराभव पत्करावा लागला. पहिल्या यशात वडिलांच्या पुण्याईचा वाटा किती आणि मुलाच्या कर्तृत्वाचा किती, हे कोणालाही तोलून सांगता येणार नाही. यश वारशाने मिळू शकते. पराभव मात्र ज्याचा त्यालाच सोसावा लागतो, आणि म्हणूनच तो पुष्कळदा मुलाची पहिली स्वतंत्र कमाई ठरतो. १९९९ आणि २००४ साली मुदखेड मतदारसंघाने अशोक चव्हाण यांना विधानसभेत पाठविले. डिसेंबर २००८ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. पिता आणि पुत्र दोघेही त्या पदावर बसल्याचे महाराष्ट्रातील हे पहिले उदाहरण. परंतु ते पाहण्यास शंकरराव हयात नव्हते. २६ फेब्रुवारी २००४ रोजीच त्यांचे निधन झाले होते. पित्याच्या आयुष्याचा बहुतेक भाग ज्या काँग्रेस पक्षात गेला, तो पक्ष पुत्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडला आणि भारतीय जनता पक्षात प्रवेश केला. त्याचे राजकीय मोल ज्याने त्याने करावे. येथे एवढेच पाहावयाचे की, पित्याच्या पाऊलवाटेवरून इतके दूर चाललेला पुत्रही अखेर आपले वळण आपणच घेतो. लोकशाहीत पद हे वतन नव्हे, तसाच स्वभावही वतन म्हणून देता येत नाही.

याच्या उलट वाटेने जाणारे उदाहरण कर्वे पितापुत्रांचे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विधवेशी विवाह केला, तेव्हा पहिल्या पत्नीपासून झालेला त्यांचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. आई दोन वर्षांपूर्वीच गेलेली आणि वडिलांवर समाजाचा रोष, अशा दिवसांत तो वाढला. १८९९ साली तो मॅट्रिकच्या परीक्षेत पहिला आला आणि वडिलांप्रमाणेच गणिताचा प्राध्यापक झाला. परंतु वडिलांचे स्त्रीशिक्षणाचे कार्य पुढे न चालविता त्याने संततिनियमनाचा प्रचार हाती घेतला. त्यापायी १९२५ साली नोकरी सोडली आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. विषय निराळा, रोष ओढवून घेण्याची तयारी मात्र तीच. पित्याने मत दिले नाही. मताखातर सोसण्याचा कणखरपणा दिला.

या दोन्ही उदाहरणांवरून एक गोष्ट दिसते. मुलगा बापाचे बोलणे जितके ऐकतो, त्याहून अधिक त्याचे वागणे पाहतो. उपदेश तो विसरतो; पण संकटात बापाचा चेहरा कसा होता, हे विसरत नाही. म्हणून वाढत्या मुलाच्या बापाने तीन पथ्ये पाळावीत. दिवसातून थोडा वेळ तरी परीक्षेच्या गुणांखेरीज अन्य विषयावर मुलाशी बोलावे. घरातील पैशाअडक्याची अडचण त्याच्यापासून लपवू नये. त्याच्या मताने ती सुटली नाही तरी त्याचे मत विचारावे. आणि आपली चूक झाली असता ती त्याच्यासमोर मान्य करावी. त्यामुळे बापाचा मान कमी होत नाही, उलट मुलाला आपल्या चुका घेऊन घरी येण्याचे धैर्य मिळते. जो मुलगा अपयश घेऊन प्रथम घरी येतो, त्याची चिंता फारशी करावी लागत नाही. जो ते लपवितो, त्याच्या बापाने मात्र आपल्या आवाजाची धार तपासून पाहावी.

मुदखेड हे रेल्वेचे जंक्शन आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या मार्गावर येथे आदिलाबादचा फाटा फुटतो. फाटा फुटला म्हणून मूळ मार्ग मोडला असे कोणी म्हणत नाही. सांधा नीट असावा, एवढीच खबरदारी घ्यावी लागते. सोळा वर्षांच्या मुलाच्या बापाकडे हेच सांधेकऱ्याचे काम आलेले असते. गाडी कोठे जावी हे अखेर तिच्या मार्गानेच ठरेल. पण ती सांध्यावरून सुखरूप पार व्हावी, हे मात्र पुष्कळसे बापाच्या हाती आहे.