जुनी मोटारसायकल साफ करताना

कफ परेडच्या मच्छीमार नगरात दारात उभी केलेली गाडी फार दिवस चकचकीत राहत नाही. खाऱ्या हवेतले मीठ धातूवर बसते, दमटपणा धरून ठेवते आणि गंज लवकर चढतो. मग राजदूत, येझदी अशा जुन्या गाड्या जपणारी मंडळी रविवारी रॉकेल, तारेचा ब्रश आणि चिंध्या घेऊन बसतात. छंद चांगला आहे. पण सोमवारी त्यांच्यापैकी एखादा तरी आमच्या दवाखान्यात येतो.

सर्वात नेहमीची तक्रार हातांची. रॉकेल व पेट्रोल कातडीतील नैसर्गिक स्निग्धता काढून घेतात. कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, खाज सुटते. इंजिनातून काढलेले काळे तेल त्याहून वाईट. ते वर्षानुवर्षे अंगाला लागत राहिल्यास कातडीचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून तेलकट चिंधी पँटच्या खिशात ठेवू नये. रबरी हातमोजे वापरावेत. हात साबणानेच धुवावेत, रॉकेलने नव्हे; नंतर खोबरेल तेल लावावे.

पेट्रोलने इंजिन धुणे तर टाळावेच. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या स्टोव्हपर्यंत किंवा विडीपर्यंत पोहोचून भडकते. आपल्या वस्तीत घराला घर लागून आहे, हे विसरू नये. बंद जागेत इंजिन चालू ठेवणेही घातक. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो.

तारेच्या ब्रशने गंज घासताना चष्मा हवाच. डोळ्यात कण गेल्यास चोळू नका, डॉक्टरांकडे जा. गंज काढायचे अ‍ॅसिड उडाले तर ताबडतोब नळाच्या वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धुवा, मग दवाखाना गाठा. अ‍ॅसिडमध्ये ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

आता सर्वात महत्त्वाचे. उरलेले रॉकेल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून कोपऱ्यात ठेवण्याची आपल्याला सवय आहे. तहानलेले मूल ती तोंडाला लावते. अशा वेळी घाबरून घशात बोट घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. पोटातल्या रॉकेलपेक्षा ते फुप्फुसात शिरणे अधिक घातक, आणि उलटीत नेमके तेच होते. मूल बरे दिसले तरी ताबडतोब रुग्णालयात न्या. खोकला, धाप, ताप काही तासांनीही सुरू होतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवा. ती बाटलीही सोबत न्या.

गंजावर सोपा उपाय सांगतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. सायलेन्सरचे तोंड झाका, साबणाच्या पाण्याने मळ काढा, गोड्या पाण्याने मीठ धुऊन टाका, कोरडे पुसा आणि ब्रेक सोडून बाकी धातूवर तेलाचा पातळ हात फिरवा. दर आठवड्याला एवढे केले, तर अ‍ॅसिडची आणि बहुधा आमचीही गरज पडणार नाही.