पहिल्या मीटिंगला जाताना

'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' म्हणजेच 'एए'. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या गटाच्या मीटिंगा महाराष्ट्रातही होतात, मराठीतूनही. ठिकाण एएच्या हेल्पलाइनवर किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात विचारा. फी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. 'खुल्या' मीटिंगला घरचेही बसू शकतात, 'बंद' मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असं नाही. मागच्या खुर्चीत बसून नुसतं ऐकलं तरी चालतं. निघताना मात्र एखाद्या जुन्या सदस्याचा फोन नंबर जरूर घ्या. रात्री तलफ आली की तोच उपयोगी पडतो. घरच्यांसाठी 'अल-अनॉन' हा वेगळा गट आहे. आणि हे महत्त्वाचं: रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता दारू एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं.