धूर गेल्यावर

आमच्या आईचा एक नियम होता. दगडी कोळशाची शेगडी (आमच्याकडे तिला सिगडी म्हणतात) आधी अंगणात पेटवायची, पिवळट धुराचे लोट निघून जाऊ द्यायचे आणि निखारे लाल झाले म्हणजेच ती घरात आणायची. “धूर गेला, आता काय बाधतं?” असे ती म्हणे. आम्ही चंद्रपूरचे. आमच्या गावात कोळसा हा पाहुणा नव्हे, घरचाच माणूस! घरात गॅस आला, तरी हिवाळ्यातली ऊब आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचे पाणी यांचा मान सिगडीकडेच राहिला.

काही वर्षांपूर्वी, ऐन पौषात, आईचा खोकला हटेना. काढे झाले, हळद-दूध झाले. शेवटी डॉक्टरांकडे नेले. छाती तपासून त्यांनी विचारले, “आजी, घरात विडी-सिगारेट कोण ओढतं?”

मी मराठीचा प्राध्यापक. माझे व्यसन काय ते चहाचे. आई तर रागावलीच. “आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा कोणी तोंडात टाकत नाही!”

“मग सिगडी?”

“ती आहे. पण धूर बाहेर काढूनच आत आणते हो.”

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “आजी, दिसणारा धूर बाहेर गेला. न दिसणारा तुम्ही आत आणलात.”

वाचकहो, विज्ञान हा काही माझा प्रांत नव्हे. पण ते वाक्य मनात असे रुतून बसले, की व्याकरणाची पुस्तके बाजूला ठेवून मी धुराबद्दल वाचू लागलो. कोळशाच्या धुरातले मोठे कण नाकात, घशात अडकतात. आपण शिंकतो, खाकरतो आणि सुटतो. खरी भीती अडीच मायक्रॉनहून लहान कणांची. आपला एक केस सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर असे पंचवीस-तीस कण त्याच्या रुंदीत सहज मावतील. ते फुप्फुसाच्या पार टोकाच्या वायुकोशांत जाऊन बसतात आणि त्यांतले अतिसूक्ष्म तर रक्तातही उतरतात. म्हणून खोकला आणि दमा यांवरच भागत नाही. हृदयविकार आणि पक्षाघात यांचाही धोका वाढतो. हवेतले हे कण कर्करोगालाही कारण होतात, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली दिला.

वाचता वाचता लक्षात आले, की आईचा भाबडेपणा एका अख्ख्या महानगरानेही केला होता. लंडनकरांना धुके नवे नव्हते. ५ डिसेंबर १९५२ रोजी कडाक्याची थंडी होती, वारा पडला होता आणि वरच्या उबदार हवेने शहरावर जणू झाकण घातले. घरोघरच्या शेकोट्यांचा आणि वीजघरांचा कोळशाचा धूर त्याखाली पाच दिवस कोंडला. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात तो शिरला आणि चालू संगीतिका थांबवावी लागली. प्रदर्शनाला आणलेली गुरे दगावली. माणसे किती मरत आहेत, हे मात्र त्या दिवसांत फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढे मृत्यूंच्या नोंदी मोजल्या, तेव्हा चार हजारांचा आकडा निघाला. नंतरच्या संशोधकांनी तो बारा हजारांच्या घरात नेला. १९५६ साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. ब्रिटनमधले कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र बंद व्हायला मात्र ३० सप्टेंबर २०२४ उजाडावा लागला.

आणि आमचे गाव? २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत चंद्रपूरचा क्रमांक चौथा होता. वर्गात चौथा आलेला मुलगा पेढे वाटतो. आम्ही काय वाटणार? आपल्या देशी कोळशात शंभर किलोंमागे तीस-चाळीस किलो राख निघते. वीजकेंद्रांतली यंत्रे ती बहुतेक धरून ठेवतात; निसटतो तो अगदी बारीक अंश, म्हणजे नेमका जो नको तो! शिवाय गंधकाचा वायू उंच धुराड्यांतून दूर जातो आणि वाटेत त्याचेही सूक्ष्म कण होतात. म्हणजे हीसुद्धा अंगणात नेऊन ठेवलेली सिगडीच, फक्त अंगण मोठे.

घरातली सिगडी आम्ही मोडीत काढली. आईचा खोकला बराच कमी झाला. पण जिना चढताना ती अजून अर्ध्यावर थांबते, कठड्याला हात लावून उभी राहते. गेलेला श्वास पुरता परत येत नाही, हे मी तिच्या पाठीमागे उभे राहून शिकलो.

गेल्या दिवाळीत अभ्यंगस्नानाला विजेवर पाणी तापवले. आईने बटणाकडे पाहिले आणि विचारले, “ह्याचा धूर कुठं जातो रे?”

महाराष्ट्राची निम्म्याहून अधिक वीज अजून कोळशावरच निघते, हे मला ठाऊक होते. मी खिडकीतून दूरच्या धुराड्यांकडे बोट दाखवले.

“म्हणजे तिकडच्यांच्या अंगणात,” ती म्हणाली आणि उटण्याची वाटी घेऊन आत गेली.

यंदा गच्चीवर उन्हाने पाणी तापवणारी टाकी बसवली आहे. एवढ्याने जगाचा प्रश्न सुटत नाही, हे मी जाणतो. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे आईने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर निदान दोन बादल्या पाण्यापुरते उत्तर माझ्यापाशी आहे.