मण्यातली पिन आणि कानाची खाज

रविवारी लग्न, सोमवारी काही नाही, मंगळवारी कानाची पाळी लाल आणि ओली. लग्नसराईच्या दिवसांत वैजापूर परिसरातल्या दवाखान्यांत अशी तक्रार नवी नाही. दोष सहसा हळदीला दिला जातो, नव्या साबणाला दिला जातो, नाहीतर ‘अंगातली उष्णता बाहेर पडली’ असे घरातले कोणी तरी सांगते. कानातल्यांवर संशय जात नाही, कारण ते तर लग्नघरातून आल्या आल्या काढून डब्यात ठेवलेले असतात.

पण या आजाराचा स्वभावच उशिरा बोलण्याचा आहे. धातूचा स्पर्श झाल्यापासून एक ते तीन दिवसांनी त्वचा खाजू लागते, बारीक पुरळ उठते, पाणी सुटते. याला संपर्कजन्य त्वचादाह म्हणतात आणि दागिन्यांच्या बाबतीत त्याचे सर्वांत मोठे कारण निकेल हा धातू. युरोपात सुमारे १० ते १५ टक्के स्त्रियांना निकेलची अ‍ॅलर्जी आढळते. भारतातही त्वचारोग विभागांत अ‍ॅलर्जीसाठी पाठीवर पट्ट्या लावून जी तपासणी होते, तिच्यात निकेलचे नाव नेहमी वरच्या रांगेत असते.

आता हे निकेल येते कुठून? बचत गटांतून, घरगुती वर्गांतून मण्यांचे दागिने बनवणाऱ्या बायका वाढल्या आहेत. मणी निवडताना त्या रंग पाहतात, चमक पाहतात, भावासाठी घासाघीस करतात. पण मणी ज्यावर बसतो ती हेडपिन मात्र शेकड्याने, डोळे मिटून घेतली जाते. हेडपिन म्हणजे टाचणीसारखी, पण टोक नसलेली तार. एका बाजूला चपटे किंवा गोल डोके असते. मणी त्यावर अडतो आणि दुसरे टोक वळवून कडी केली की मणी हुकात लटकतो. पूर्वी पटवेकरी रेशमात दागिना गाठवून देत, तेव्हा हा प्रश्न फारसा नव्हता.

पिनेचा मण्यातला भाग त्वचेला लागत नाही. लागते ते खालचे डोके आणि वरची कडी. झुमका लांब असेल तर डोके मानेला घासते, गळ्यातल्या माळेत ते नेमके घामाच्या जागी येते. कानाच्या भोकातून जाणारा हूक तर त्याहून महत्त्वाचा, कारण तिथे त्वचा नाजूक असते. म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी हूक चांगला घ्यावा, मग पिना, आणि मण्यांची हौस शेवटी. दुकानात बहुधा याच्या नेमके उलट घडते.

घामातले मीठ आणि आम्ल धातूतून निकेलचे अतिसूक्ष्म कण सोडवतात. ते त्वचेत शिरतात आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना शत्रू समजते. २०१० मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवले की माणसाच्या पेशींवरच्या एका ग्राहकाला निकेल थेट चिकटते. उंदराच्या त्याच ग्राहकात चिकटण्याची ती जागाच नसते, म्हणून उंदराला निकेलची अ‍ॅलर्जी सहजासहजी होत नाही. आपले नशीब तेवढे चांगले नाही. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली की सहसा जन्मभर राहते. मग पँटचे बटण, ब्लाऊजचा हूक, घड्याळाची मागची बाजू आणि मंगळसूत्राला अडकवून ठेवलेल्या सेफ्टी पिनाही त्रास देऊ लागतात. सोळाव्या वर्षी घातलेल्या स्वस्त कानातल्यांची किंमत अशी पुढे अनेक वर्षे चुकवावी लागते.

डेन्मार्कने हे ओळखून १९९०च्या सुमारास दागिन्यांतून सुटणाऱ्या निकेलवर कायद्याने मर्यादा घातली आणि १९९४ मध्ये युरोपीय संघाने तोच मार्ग धरला. त्वचेला सतत लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सुटता कामा नये, असा तो नियम. धातूत निकेल किती आहे हे त्यात पाहिले जात नाही, बाहेर किती सुटते ते पाहिले जाते. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘३१६ एल’ या जातीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये १० टक्क्यांहून अधिक निकेल असते, तरी ते घट्ट बांधलेले असल्याने फारच थोडे सुटते आणि बहुतेकांना चालते. उलट पितळेच्या तारेवर सोनेरी मुलामा दिलेली पिन दिसायला सोज्वळ, पण चकाकी यावी म्हणून मुलाम्याखाली पुष्कळदा निकेलचाच थर दिलेला असतो. पिन वाकवताना मुलामा तडकतो, पक्कडीच्या दातांनी खरवडला जातो आणि कापलेल्या टोकाला आतला धातू उघडाच राहतो.

जर्मन सिल्व्हरबद्दलही मोठा गैरसमज आहे. त्यात चांदी नावालाही नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. घरात ज्याला ‘जर्मनचे पातेले’ म्हणतात ते अ‍ॅल्युमिनियम, त्याचाही याच्याशी संबंध नाही. नवरात्रात हौसेने घेतल्या जाणाऱ्या काळपट ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिन्यांत हा मिश्रधातू बराच असतो. ज्यांना एकदा त्रास झाला आहे त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

मग घ्यावे काय? स्वस्तात हवे तर मुलामा नसलेली साधी तांब्याची किंवा पितळेची पिन. ती काळवंडते, त्वचेवर हिरवट डाग पाडते, पण तो डाग म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे, साबणाने जातो. थोडे अधिक मोजायची तयारी असेल तर ३१६ एल स्टील. ज्यांची अ‍ॅलर्जी तीव्र आहे त्यांच्यासाठी ९२५ची चांदी, ज्यात १००० भागांत ९२५ भाग चांदी असते आणि उरलेले बहुधा तांबे. टायटॅनियम सर्वांत निर्धास्त, मात्र तालुक्याच्या बाजारात ते मिळणे कठीण. ‘निकेल नाही ताई, गॅरंटी’ हे वाक्य दुकानदार मनापासून म्हणत असेलही, पण पाकिटात काय आहे हे बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसते. लोहचुंबक लावून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो निरुपयोगी आहे. जर्मन सिल्व्हरला चुंबक चिकटत नाही आणि निकेल तर त्यात भरपूर असते.

खरी तपासणी सोपी आहे. डायमिथाइलग्लायॉक्झिम हे रसायन अमोनियाच्या सोबतीने निकेलला भेटले की गुलाबी रंग येतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतला हा ‘डीएमजी’ चांगला परिचयाचा असतो. बचत गटातल्या बायकांनी जवळच्या विज्ञान महाविद्यालयातल्या शिक्षकांना विनंती केली तर एका दुपारी दहा प्रकारच्या पिना तपासून होतील. द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा पिनेवर अर्धा मिनिट घासायचा. कोऱ्या पिनेबरोबर एक वाकवलेली, कापलेलीही तपासावी, कारण गिऱ्हाइकाच्या अंगावर तीच जाणार असते. बोळा पांढरा राहिला म्हणजे शंभर टक्के खात्री असे नाही. गुलाबी झाला तर मात्र ते पाकीट परत करावे.

बनवणारीच्या हातांचाही विचार हवा. दिवसभर पिना हाताळणाऱ्या बाईच्या अंगठ्याला आणि तर्जनीला भेगा पडतात, तेव्हा संशय भांड्यांच्या पावडरीवर जातो. कधी तो बरोबर असतो, कधी नसतो. मोत्याचे भोक बारीक, त्याला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची तार लागते. काचेच्या मण्याला थोडी जाड चालते. जाड तार बळेच घुसवली की मणी फुटतो आणि काच बोटात जाते. कडीसाठी मण्याच्या वर आठ-दहा मिलिमीटर तार पुरते. उरलेला तुकडा कापताना तो गोळीसारखा उडतो, म्हणून टोक खाली धरावे, वर दुसरा हात आडवा ठेवावा आणि साधा का होईना, चष्मा लावावा. तुकडा डोळ्यात गेलाच तर डोळा चोळू नये, थेट रुग्णालय गाठावे.

पिना ओठांत धरण्याची सवय तर आजच सोडावी. हसू आले, ठसका लागला की पिन श्वासनलिकेत. तुर्कस्तान, इजिप्त या देशांत डोक्याच्या रुमालाला लावायच्या पिना ओठांत धरणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे इतक्या वेळा घडले आहे की वैद्यकीय नियतकालिकांत त्यावर कितीतरी लेख आहेत. घरातल्या रांगत्या मुलाचे तर सांगायलाच नको. पिन किंवा मणी गिळल्याचा संशय आला तर उलटी करवू नये, वरून केळी-भात भरवू नये. एक्स-रे काढावा. अचानक सुरू झालेला आणि न थांबणारा खोकला असेल तर तासभरही वाट पाहू नये.

कान खाजू लागला असेल तर पहिला उपचार दागिना काढणे. पाळी साध्या पाण्याने धुऊन कोरडी ठेवावी. हळद-तेल, लसणाचा रस, औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब यातले काही लावू नये. अशा ट्यूबमध्ये पुष्कळदा तीव्र स्टिरॉइड असते. दोन दिवस बरे वाटते आणि महिनाभरात त्वचा पातळ होऊ लागते. स्टिरॉइडचे मलम लागतेच, पण कोणते, किती दिवस, हे डॉक्टरांनी पाहून ठरवायचे. पिनेच्या डोक्यावर रंगहीन नेलपॉलिश लावण्याची युक्ती थोडे दिवस चालते, ते निघाले की पुन्हा लावावे लागते. आणि दवाखान्यात येताना ते कानातले, लागलीच तर उरलेल्या पिनांचे पाकीटही, पिशवीत घालून सोबत आणावे.